साडूची दुर्बीण

दुर्बिणीच्या पोटातून पहिला तांदूळ पडला तेव्हा काउंटरपलीकडच्या बाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या. दुसरा पडला तेव्हा रबरी हातमोजे चढवले. तिसरा चिमट्यानं उचलून पारदर्शक पिशवीत टाकला आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही दोघे त्यांच्या देशात भातशेती करायच्या इराद्यानंच उतरलो होतो.

"हे काय आहे?"

"तांदूळ," मी म्हणालो. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. सरकारी प्रश्नाला विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, हे अंगात मुरलेलं.

"ते मलाही दिसतंय. दुर्बिणीत कशाला?"

"पूजेचे आहेत, मॅडम," माझे साडू विक्रमराव पुढे सरसावले. "आमच्याकडे सणाला पूजा करतात."

"कुणाची?"

"ह्या दुर्बिणीची."

"तुम्ही दुर्बिणीची पूजा करता?"

"वर्षातून एकदाच," मी म्हणालो.

बाईंनी पुढचं झाकण काढलं. काच नखभर जागा न सोडता लाल होती. विक्रमरावांनी त्या लाल काचेकडे पाहिलं. मग क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरची माहिती वाचू लागलो. बाहेरच्या देशातून मध आणू नये, असं लिहिलं होतं.

ही घटना पंधरा वर्षांपूर्वीची. न्यूझीलंडचा विमानतळ, दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, सकाळची वेळ. ती साधी दुर्बीण नव्हती. रात्री डोळ्याला लावली की मिट्ट काळोखातलं सगळं हिरवं आणि लख्ख दाखवणारी, शिकाऱ्यांची दुर्बीण. ती देशाबाहेर नेण्या-आणण्याच्या परवानगीसाठी विक्रमरावांना दिल्लीच्या चार खेपा झाल्या होत्या. बोटभर जाडीची फाईल बरोबर होती. त्या फाईलमध्ये सगळं होतं. फक्त तांदूळ नव्हते.

"पावडर आणि धान्य तपासणीला जाईल," बाई म्हणाल्या. "आतही कण गेलेत, त्यामुळे यंत्र इथंच राहील. परतीच्या दिवशी घेऊन जा."

"आठ दिवसांनी?" विक्रमरावांचा आवाज चिरकला. "मॅडम, माझी बॅग ठेवा. दोन्ही बॅगा ठेवा. हे एवढं द्या."

"सॉरी, सर."

शिरोलीच्या फाउंड्रीत ज्यांचा आवाज भट्टीच्या वर चढायचा, ते विक्रमराव सरनोबत एका तिशीतल्या पोरीपुढे हात जोडून उभे होते. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. त्या सत्कारात तर शालसुद्धा मिळाली होती.

कारण मला त्यांचा मत्सर वाटायचा. आणि तो सकारण होता, असं माझं तेव्हा मत होतं.

माझे आजोबा संस्थानच्या काळात शिकारखात्यात वाटाडे होते. रानातल्या काळोखात नुसत्या डोळ्यांच्या चमकेवरून बिबट्या किती अंतरावर आहे, हे ते सांगायचे. त्यांची एक गोष्ट मी आमच्या घरच्या रविवारच्या मटणाच्या जेवणाला बावीस वर्षं सांगत आलो होतो. पांढरा रस्सा संपून तांबडा आला की कुणीतरी म्हणायचंच, "दाजी, बिबट्या होऊ दे." बिबट्या व्हायचा. पोरं डोळे मोठे करायची. मेहुणी प्रमिला मुंडकं हलवायची. माझी बायको इंदू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी "अगं बाई" म्हणायची, आणि तेही योग्य जागी.

मग प्रमिलाच्या नवऱ्याला, म्हणजे विक्रमरावांना, परदेशी शिकारीचं वेड लागलं. आपल्याकडं शिकारीला बंदी, म्हणून हे वर्षातून एकदा दुर्बीण घेऊन न्यूझीलंडला. आल्यावर गोष्टी. "मध्यरात्र... मी एकटा... सगळं रान हिरवंगार... आणि पन्नास फुटांवर तो!" पोरं त्यांच्याभोवती. इंदूचं "अगं बाई" त्यांच्याकडं. एका रविवारी मी आपणहून म्हणालो, "बिबट्या सांगू का?" तर माझा सख्खा पुतण्या म्हणाला, "तो माहितीये हो काका. विक्रमकाका, पुढं?"

त्यात त्यांची मिजास. बरोबर पाच वाजता उठायचे. "परदेशी फोन यायचाय." चहा तोंडाला लावलेला असो, की लग्नात वरमाला हातात असो, विक्रमराव दिवेलागणीच्या आत गाडीत. माझ्या मुलीच्या संध्याकाळच्या स्वागत समारंभाला आलेच नाहीत. ह्या सगळ्याची मी मनात नोंद करून ठेवली होती, तारीखवार.

आणि त्या वर्षी त्यांनी मलाच बरोबर चला म्हटलं. तिकीटही काढून टाकलं. एखाद्याचा मत्सर करावा आणि त्यानंच आपल्याला परदेशी न्यावं, याच्याइतकी अवघड परिस्थिती नाही. मत्सरही सोडवत नाही आणि खिडकीची जागाही.

निघायचं ठरलं दसऱ्याच्या दिवशी. प्रमिला म्हणाली, "सीमोल्लंघनच म्हणायचं की दाजी!" आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी आजोबांची ठासणीची बंदूक पाटावर मधोमध असते, भोवती सुऱ्या, विळी, इंदूच्या शिलाई यंत्राची कात्री. प्रमिला दुर्बीण घेऊन आली. "हिचीपण पूजा करा. मानाच्या बंदुकीशेजारी बसू दे." आणि शेजारी जागा नव्हती म्हणून तिनं स्वतःच्या हातानं आजोबांची बंदूक कडेला सरकवली. कुठं? तर विळीच्या पलीकडे. मधोमध दुर्बीण बसली.

 पूजेला बसलो. सगळ्या हत्यारांना कुंकवाचं एकेक बोट लावलं. दुर्बिणीचं मात्र झाकण काढलं, कुंकू पाण्यात कालवलं आणि अंगठा काचेवर गोल गोल फिरवला. मग बॅटरीचं दार उघडून आत चिमूटभर अक्षता घातल्या. सर्वांगपूजा म्हणतात ती हीच. झाकण लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. त्यांना तिकडच्या काळोखात एकदा तरी लाल चंद्र दिसावा, एवढीच माझी माफक इच्छा होती. मान वर केली तर दारात विक्रमराव. पाच वाजत आले होते, ते बूट चढवत होते.

"झाली का पूजा?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"छान," म्हणाले आणि गेले.

दुर्बीण विमानतळावर सोडून आम्ही बाहेर आलो ते विक्रमराव मागं वळून वळून बघत. आदल्या रात्री विमानात दिवे मालवले होते तेव्हाही त्यांचं चमत्कारिक चाललं होतं. दर अर्ध्या तासानं "दौलतराव, आहात ना?" म्हणून विचारत होते. विमानातून मी जाणार कुठं? मला वाटलं, एवढा शिकारी, पण विमानाला भितो. तेही मी नोंदवून ठेवलं.

डग्लस नावाचा सत्तरीतला शेतकरी आम्हाला न्यायला आला होता. त्याच्या मेंढरांच्या कुरणाला लागून रान होतं, आणि विक्रमराव दरवर्षी त्याच्याकडेच उतरायचे. त्यानं विक्रमरावांना मिठी मारली आणि पहिलाच प्रश्न केला, "विक, मशीन कुठंय?"

"अडकवून ठेवलं."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "मग आज संध्याकाळी घरातच बसू."

"नाही," विक्रमराव म्हणाले. "दौलतराव आहेत ना."

संध्याकाळी रानाकडे निघताना डग्लसनं मला भिंतीवरच्या रायफलीकडे बोट दाखवून विचारलं, "तुला हवी का? विक काही नेत नाही."

"नेत नाही म्हणजे?"

"सहा वर्षांत कधी नेली नाही." त्यानं खांदे उडवले आणि मेंढरांकडे निघून गेला.

शिकारी बंदूक नेत नाही हे मला विचित्र वाटलं. मग मी त्यांच्या सगळ्या गोष्टी आठवून पाहिल्या. मध्यरात्र होती, रान होतं, पन्नास फुटांवरचा तो होता. पण एकाही गोष्टीत गोळी सुटली नव्हती. "आणि मग... काय सांगू!" म्हणून ते रश्श्याची वाटी पुढे करायचे, आणि उरलेली गोळी आम्ही आपापल्या मनात झाडायचो.

साडेसात वाजता आम्ही कुरण ओलांडून निघालो. तिकडं तेव्हा वसंत ऋतू, उजेड बराच वेळ रेंगाळतो. आभाळाची एक बाजू अजून तांब्याच्या घंगाळासारखी चकचकत होती. विक्रमरावांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं, हा नवीन थाट. आता माझ्या खांद्याचा कठडा केला. मी मुद्दाम भराभर चालू लागलो. ओढ्यावर दोन फळ्यांचा पूल होता. मी पार झालो. खांद्यावरचा हात सुटला आणि मागं धप्पकन आवाज आला.

विक्रमराव गुडघाभर पाण्यात बसले होते.

"अहो, पूल दिसत नाही का?" मी हसत हसत विचारलं.

"दौलतराव, किती अंधार आहे हो आता?"

"अंधार? सात चाळीस झालेत. माझ्या घड्याळातला सेकंदाचा काटासुद्धा दिसतोय मला."

 त्यांचे डोळे सताड उघडे होते आणि ते माझ्या डाव्या कानाच्या पलीकडे कुणाकडे तरी पाहत होते. मी एक पाऊल उजवीकडे सरकलो. डोळे तिथंच राहिले.

"मला तुम्ही दिसत नाही," ते म्हणाले.

मी त्यांना ओढून काठावर बसवलं. ते बूट काढून पाणी ओतू लागले. एका बुटातून बेडकाचं पिल्लू निघालं, तेही त्यांना दिसलं नाही.

"रातांधळेपणा," ते म्हणाले. "चौतिसाव्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं. वाढत जाणार म्हणाला. उपाय नाही. सूर्य मावळला की मी संपलो."

"प्रमिलाला?"

"माहीत नाही. कुणालाच नाही. फाउंड्रीचा मालक संध्याकाळी चाचपडत चालतो म्हटल्यावर कोण ऐकेल माझं? म्हणून पाचचा फोन."

"म्हणजे फोन..."

"कुणाचा येणार, दौलतराव? मी घरी जाऊन सगळे दिवे लावून बसतो."

माझी ती तारीखवार वही होती ना, मनातली, ती तिथं त्या ओढ्याकाठी मला पानापानानं आठवू लागली. मुलीचं स्वागत. वरमाला. अर्धा राहिलेला चहा.

"एकदा जर्मनीत एका दुकानात ही दुर्बीण डोळ्याला लावली," ते सांगत होते. "दुकानदारानं अंधार केला आणि मला सगळं दिसलं. त्याचं टक्कलसुद्धा. रडलो मी तिथं. आता कोल्हापुरात रंकाळ्याला रात्री डोळ्याला हे लावून फिरलो तर पोलीस नेतील. आणि लोक विचारतील ते वेगळंच. इथं कोण विचारतं? शिकारीला चाललो म्हणायचं. रात्री माणसासारखा फिरतो. चांदणं बघतो. उघड्या डोळ्यांना दिसत नाही तितकं चांदणं दिसतं हो त्यातून."

"मग मला कशाला आणलंत?"

"डग्लसचा गडी होता एक, रानात बरोबर यायचा. तो सोडून गेला. आपलं माणूस हवं होतं." त्यांनी बूट झटकला. "आणि हे वेड मला लागलं तुमच्या आजोबांच्या गोष्टीमुळं. मीही ऐकायचोच की, बावीस वर्षं. काळोखात बघणारा माणूस! मला तर ती देवाची गोष्ट वाटायची."

आता माझ्याच्यानं गप्प राहवेना. "विक्रमराव, ते कुंकू..."

"माहीत आहे."

"मी मुद्दाम..."

"दारातच होतो मी. दिवसा मला सगळं दिसतं, दौलतराव."

"मग पुसलं का नाही?"

"प्रमिलाचा दम होता, सीमोल्लंघनाचं कुंकू पुसायचं नाही. आणि म्हटलं, थोरल्या जावयानं इतकं मन लावून लावलंय, असेल काही आशीर्वाद." ते हसले की काय कोण जाणे. "अक्षतांचं मात्र माहीत नव्हतं हं."

मी काही बोलणार, इतक्यात ओढ्याच्या पलीकडे झाडी हलली. मी त्यांचं मनगट धरलं.

सांबर होतं. आपल्या राधानगरीच्या रानातलं, आजोबांच्या तोंडी यायचं ते सांबर. कुणीतरी शे-सव्वाशे वर्षांपूर्वी जहाजातून नेऊन तिकडं सोडलेल्यांपैकी. मी विक्रमरावांच्या कानाशी लागलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आजोबांची नसलेली गोष्ट सांगू लागलो.

"नर आहे. चाळीस फुटांवर. छातीपर्यंत सावलीत, वर उजेड. शिंगं वठलेल्या बाभळीसारखी. मानेला चिखल वाळलाय. आता कान फिरवतोय, एक इकडं, एक तिकडं, रेडिओचं स्टेशन लावतात तसा. सापडलं बहुतेक स्टेशन. आपल्याकडंच बघतोय. डोळ्यांत आभाळ उतरलंय, तांबडं..."

विक्रमराव श्वास रोखून ऐकत होते. त्या जनावरानं मान खाली घालून पाणी पिलं तेव्हा मीसुद्धा गप्प झालो. मग ते मान वर करून थोडा वेळ तसंच उभं राहिलं, आणि वळून गेलं.

आठही दिवस आम्ही जात राहिलो. मी सांगायचो, ते ऐकायचे. परतीच्या दिवशी त्याच बाईंनी दुर्बीण स्वच्छ करून, पाकिटात बांधून दिली. तांदूळ मात्र दिले नाहीत.

नंतरच्या रविवारी आमच्याकडं जेवण. पंगत भरलेली. मी मनाशी ठरवून बसलो होतो. माझ्याजवळ आता अशी गोष्ट होती की मधोमधची जागा एका वाक्यात परत मिळाली असती. "तुमचे विक्रमकाका आहेत ना, त्यांना संध्याकाळी..." एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर होतं. तांबडा रस्सा आला.

"दाजी, तुम्हीपण होता की ह्या वेळी!" प्रमिला म्हणाली. "सांगा तुम्ही."

सगळे माझ्याकडे वळले. सहा वर्षांत पहिल्यांदा. विक्रमराव ताटाकडे बघत होते. भाकरीचा तुकडा हातात होता, पण मोडत नव्हते.

"मी काय सांगणार?" मी म्हणालो. "त्यांना विचारा."

विक्रमरावांनी तुकडा मोडला आणि सुरुवात केली. शिंगं वठलेल्या बाभळीसारखी. मानेला वाळलेला चिखल. कान रेडिओचं स्टेशन लावतात तसे. माझा शब्द न् शब्द! आणि मेल्यानं काय सांगावं! स्टेशन सापडण्याआधी ते असे थांबले की पोरांनी खरोखर कान टवकारले. मी रानात सांगताना घाईच केली होती, हे मला तेव्हा कळलं. डोळ्यांत आभाळ उतरलं तेव्हा इंदू "अगं बाई" म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या बिबट्याला तिनं असं "अगं बाई" दिलं नव्हतं.

आणि मग ते म्हणाले, "पाणी पिऊन त्यानं मान वर केली. हनुवटीवरून थेंब पडत होते पाण्यात. मी मोजले. सात."

पंगतीत कुणी चावतसुद्धा नव्हतं.

हे मी सांगितलं नव्हतं. हे मला दिसलंच नव्हतं.

"तुम्ही होता ना हो तिथंच?" इंदू मला म्हणाली. "तुम्हाला काय दिसलं?"

"मला काय दिसणार?" मी म्हणालो. "अंधार होता."

त्या दिवशी विक्रमराव पाचला उठले नाहीत. सहाला नाहीत. प्रमिलानं दोनदा घड्याळ पाहिलं. बाहेर काळोख झाल्यावर मी म्हणालो, "चला, गाडीपर्यंत सोडतो," आणि खांदा पुढे केला. हात खांद्यावर आला. दोन साडू गळ्यात हात घालून जिना उतरले हे पाहून इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, परदेशवारीनं प्रेम वाढलं.

फाटकाशी मला राहवेना. "एक सांगा, विक्रमराव. ते थेंब. तुम्हाला कसे दिसले?"

"दिसले कुठं? ऐकू आले."

"मला कसे नाही आले?"

"तुम्ही नुकतेच बोलायचे थांबला होता," ते म्हणाले. "दम लागला होता तुम्हाला."

ड्रायव्हरनं दार उघडलं आणि ते गेले. मी फाटकात उभा राहिलो. एकतीस वर्षं पाण्याच्या खात्यात, मीटर वाचण्यात गेली माझी, आणि थेंब मोजायचं त्याला सुचलं!

विक्रमरावांची नजर पुढं दिवसाचीही गेली. प्रमिलाला सगळं कळलं, तिनं त्यांना वर्षभर बोल लावले आणि मग त्यांचा हात धरला तो आजतागायत सोडलेला नाही. रविवारी ते येतात, रात्री दहा-दहापर्यंत बसतात. पण गोष्ट मला सांगायला लावतात. परवाच म्हणाले, "दौलतराव, बिबट्या होऊ दे."

मी बिबट्या केला. आजोबांनी काळोखात त्याची चमक ओळखली, अंतर सांगितलं, शिकारीला आलेल्या साहेबानं बंदूक वर केली. पण आमच्या बिबट्याला हल्ली तहान लागते. तो आधी ओढ्यावर येतो, पाणी पितो, मान वर करतो. मी थांबतो. थेंब पडू लागतात. सात.

पोरं जेवायची थांबतात. विक्रमराव ऐकत असतात, चेहरा मख्ख. अजून एकदाही त्यांनी विचारलेलं नाही, की हा बिबट्या पाणी कधीपासून प्यायला लागला.